माणूस नाय, गाडी नाय, ढोर नाय

पाखरू आधी नर्मदाकाकींना दिसलं आणि गावाला सांगितलं दाजींनी. त्या घरात सगळंच असं चाले. परड्यातला फणस पिकला की वास आधी काकींना यायचा, आणि फणस पिकल्याची बातमी वाडीभर देत दाजी फिरायचे. दोघांपैकी एकाने बोलायचं काम अंगावर घेतलं होतं, दुसरीने गुरांचं.

दाजी म्हणजे आमच्या गावचे घाडी. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. रवळनाथापुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे, आणि गावाचं जे काही मागणं असेल ते मोठ्या आवाजात देवाला सांगायचं. प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घाडी काय, गावोगाव असतात. पण दाजींचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या गावची माणसं जत्रेला लवकर येत. आवाज चढत जायचा, वाक्याला वाक्य जुळायचं, आणि तिसऱ्यावर ते असे थांबायचे की लोकांच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' आपोआप सुटायचं. ज्याचा देवावर विश्वास नाही तोसुद्धा म्हणून जायचा आणि मग इकडेतिकडे बघायचा.

तिनाची ही सवय देवळाबाहेरही सुटत नसे. दुकानात जाऊन म्हणायचे, "तांदूळ सोपले, तेल सोपला, मीठ सोपला." मीठ कधीच संपलेलं नसायचं. काकींच्या फडताळात मिठाच्या पिशव्यांची रांग लागली होती. शेजारणींना त्या सांगायच्या, "दोन जिनसांवर माझ्या घोवाचा तोंड थांबणा नाय."

त्यांना मूलबाळ नव्हतं. तीन गुरं होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांद्री, तिच्याहून तरुण ढवळी आणि ढवळीची पाडी. भात कापून झालं की काकी जेवण आटोपून त्यांना घेऊन सड्यावर जात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. वर उभं राहिलं की मालवणकडचा समुद्र एक निळी रेघ होऊन दिसतो. मधे मधे मातीचे पट्टे आहेत, त्यांवर गवत येतं. पावसात खाली मळ्यात भात लावलं की गावातली सगळी गुरं वर. दिवाळीपर्यंत त्यांनी तो सगळा सडा दातांनी कातरून ठेवलेला असायचा, नुकती हजामत केलेल्या डोक्यासारखा.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी गुरं बांधता बांधता काकी म्हणाल्या, "ऐकलात? चांद्रेच्या मागसून आज येक येगळीच टिटवी फिरताहा."

"टिटवेत येगळा काय असता?"

"तोंडार पिवळा लोंबता नाय. आणि ती वराडना नाय. मी येवडी जवळ गेलंय तरी गप."

"गप आसा? मगे ती तुझी भैण असात."

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतः गेले. बघून आले आणि चहाच्या दुकानात त्या पाखराची नक्कलच करून दाखवली. चार पावलं तुरुतुरु धावतं, मग एकदम ताठ उभं राहतं, मग वाकून काहीतरी उचलतं, पुन्हा ताठ. "आमचो बाबू मानकरी परसादाक जाता ना, तसा. आदी धावता, मगे याद येता की आपण मानकरी, मगे थांबता." बाबू मानकरी तिथेच बसले होते. बारा-पाचांच्या, म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्यांच्या मंडळींत त्यांचा शब्द मोठा; तेही हसले.

नाव मात्र कुणाला सांगता येईना. काकींनी भावाच्या मुलीला बोलावलं. तन्वी वालावलची, कुडाळला प्राणिशास्त्र शिकत होती, सुट्टीत दुर्बीण गळ्यात घालून पाणथळी पालथ्या घालायची. ती आली ती संशय घेऊनच. सड्यावर माळटिटव्या पुष्कळ. त्यांतलंच एखादं पिल्लू असेल, असं तिने आधीच सांगून टाकलं. मग कातळावर पोटावर झोपली. दाजी तिच्या शेजारी, धोतर सावरत, तसेच पोटावर. पुढे काकी गुरांत उभ्या, आणि चांद्रीच्या शेपटीमागे ते पाखरू.

"काका, पाय बघा. रंग खंयचो?"

"काळो."

"माळटिटवेचे पिवळे असतत. आता डोळ्यावर बघा."

"पांढरी भुंवय. रुंद आसा. माझ्यापेक्षा बरी."

"आणि डोक्यार?"

"टोपी घातल्यासारखा काळपट."

"ती भुंवय मागे खंयपर्यंत जाता?"

"दिसणा नाय गो. तोंड हय करून आसा."

"थांबा. वळतली."

ते वळलं. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भुवया मानेच्या मागे येऊन एकमेकींना मिळाल्या होत्या, दोन पायवाटा मिळाव्यात तशा. तन्वी दुर्बीण तशीच धरून होती. दाजींनी विचारलं, झाला काय? ती म्हणाली, अजून नाही, उडताना पंख बघायला हवेत. उठवायला मात्र कोणी जायचं नाही, आपणहून उडेल तेव्हा. ऊन चढलं, दाजींचं पोट कातळावर भाजलं, पण ते हलले नाहीत. शेवटी चांद्रीनेच शेपटी झटकली. पाखरू उडालं आणि तपकिरी अंगातून पंखांचे पांढरे शुभ्र पट्टे उघडले, टोकं काळी. थोडं पुढे जाऊन ते पुन्हा चांद्रीच्या मागेच उतरलं.

तन्वी उठून बसली. काढलेले फोटो तिने कुणा जाणत्या माणसाला पाठवले, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि शंका राहिली नाही. सोशिएबल लॅपविंग. कझाकस्तानातल्या गवताळ माळांवर अंडी घालणारी, थंडीत आपल्या देशात उत्तरेकडे, गुजरातेकडे उतरणारी टिटवी. जगात आता थोडीच उरली आहे. आमच्याकडे ती येणं म्हणजे वाट चुकून येणंच. तिला उंच गवत चालत नाही, हे तन्वीने पहिल्याच दिवशी सांगितलं. उंच गवतात तिला लांबचं दिसत नाही, म्हणून ती गुरांनी चरून सपाट केलेली जमीन शोधते. तिकडे कझाकस्तानातही घरटं करते ते गुरांच्या वाटेजवळच. शेणातले, खुरांनी उठलेले किडे खाते. सकाळी आणि उन्हं उतरताना चरते, भर दुपारी ढेकळाआड बसून राहते, हाक फारशी देत नाही. गावाने तिचं नाव टोपीवाली ठेवलं. त्या महिन्यात आणखी दोन आल्या.

काकींच्या आयुष्यात इतकं बोलणं कधी झालं नसेल. कोल्हापूरकडून, गोव्याकडून मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं येऊ लागली आणि सगळे विचारत, मावशी, आज कुठे आहे? काकी हाताने दाखवत. दाजी मागून पुरवणी जोडत, "ढोर आसा थंय ती आसा. चांद्रेक शोधा, टोपीवाली गावतली." हे वाक्य त्यांनी त्या दिवसांत किती जणांना ऐकवलं असेल, सांगता येत नाही.

मग गाड्या वर चढायला लागल्या. कातळावर रस्ता लागत नाही, कुठूनही कुठेही जाता येतं. एका रविवारी दोन जीपवाल्यांनी टोपीवालीला दोन बाजूंनी घेरलं, एक जीप हाकलायची, दुसरीतून फोटो निघायचे. काकी हातात काठी घेऊन जीपसमोर उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि जीपवाल्याने हॉर्न वाजवला. त्या आवाजाने ढवळी बुजून खाली कड्याकडे पळाली, पाय मुरगळला तिचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा काकी दाजींना म्हणाल्या, गावाला सांगा काहीतरी.

गाव बैठकीला बसला. सडा बंद करायचा ठरला. पुढच्या आठवड्यात जत्रा होती; जत्रेत गाऱ्हाणं घालून सडा देवाच्या नावावर राखायचा, म्हणजे मग आमच्या गावचाच काय, बाहेरचा माणूसही मोडायला धजणार नाही. कुणी काय मागायचं हेही ठरलं: माणसांनी वर जायचं नाही, गाड्या न्यायच्या नाहीत. गुरांचा विषयच निघाला नाही, कारण गुरं म्हणजे कुणी बाहेरचं नव्हे. तन्वीला ते बरं वाटलं. काकी तर वाडीत साखर वाटायला निघाल्या होत्या.

जत्रेच्या दुपारी देऊळ भरलं. त्या वर्षी बाहेरची माणसंही होती, कॅमेरे घेऊन. दाजी धुतलेलं धोतर नेसून आले, नारळ ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा."

"परमुलखातला पाखरू पावणा म्हणान तुझ्या सड्यार इला आसा. आमी बोलवूक नाय, तूच हाडलंस..."

"व्हय म्हाराजा."

"पावण्याच्या वाटेत आडवो येयत तेका तू आडवो ये..."

"व्हय म्हाराजा."

आवाज चढला होता. खांबांना टेकलेली माणसं ताठ झाली होती. बायका पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. आतल्या घंटेला कुणी हात लावला नव्हता तरी ती हलतेय असं वाटत होतं.

"म्हणान ह्या जत्रेपासून फुडल्या जत्रेपर्यंत, तुझ्या सड्यार माणूस नाय, गाडी नाय..."

लोक थांबले. सगळ्या देवळाला ठाऊक होतं की अजून एक यायचंय.

"...ढोर नाय."

"व्हय म्हाराजा."

देऊळ हादरलं. बाहेरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे गाऱ्हाण्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. दाजींनी डोळे उघडले. बायकांच्या रांगेत काकींचे हात जोडलेलेच होते, पण 'व्हय' म्हणताना उघडलेलं तोंड तसंच राहिलं होतं.

घरी जाताना काकी पुढे, दाजी मागे. पाणंदीत कुणी नव्हतं.

"ढोर कित्या म्हटलात?"

"तोंडात इला."

काकी चालत राहिल्या. वळणावर थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत.

"माणूस नाय, गाडी नाय. हय थांबला असतात तर काय झाला असता?"

"लोक वाट बघित होते गो."

काकी पुन्हा चालू लागल्या. घरी जाऊन त्यांनी दिवा लावला आणि गोठ्यात जाऊन बसल्या.

सकाळी उजाडताच दाजी बाबू मानकऱ्यांच्या दारात. म्हणाले, काल एक शब्द जास्तीचा गेला, ढोर हा शब्द तेवढा मागे घ्यायचाय. बाबू दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण.

"शब्द जास्ती-कमी कसो असात, दाजी? तू घातलंस, गावान व्हय म्हटला, देवान घेतला."

"देवाक सांगतंय, चुकलंय म्हणान."

"आणि उद्यापासून जो उठात तो येयत. माझा चुकला, माझापण चुकला. मगे गावाक घाडी कित्याक व्हयो?"

ते वाक्य दाजींचंच होतं. मागे एका घराने बोललेला नवस फेडायला काचकूच केली, तेव्हा याच अंगणात उभं राहून त्यांनी ते त्या माणसाला ऐकवलं होतं, आणि बाबूंना ते इतकं आवडलं की पाठ झालं. मग दाजी गुरवाकडे गेले. गुरव भला माणूस. त्याने समजावलं की जत्रेत घातलेला शब्द जत्रेतच सुटतो, मधे कौलसुद्धा लावता येत नाही. वर्षाचा तर प्रश्न. वर्ष म्हणजे काय, दाजी.

वर्ष म्हणजे एक पावसाळा, हे गुरवाच्या ध्यानात आलं नाही. काकींच्या आलं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र गाऱ्हाणं पावलं असंच सगळ्यांना वाटलं. गवत आधीच चरून झालेलं होतं. गाड्या थांबल्या. टोपीवाल्या फाल्गुनापर्यंत राहिल्या, मानेखाली रंग गडद व्हायला लागला आणि एका सकाळी नव्हत्या. लोक दाजींचा हात धरून सांगत, काय गाऱ्हाणं घातलंत, देवाने राखली. दाजी हात सोडवून घेत. तन्वीने हिशोब आधीच मांडला होता. तिने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की औंदाचं काही नाही, पण पावसात गुरं वर गेली नाहीत तर दिवाळीला सड्यावर गवत कमरेएवढं उभं असेल. दाजी म्हणाले, माका म्हायत आसा. ते एवढंच म्हणाले, हे तन्वीला जास्त लागलं.

पावसाच्या आधी गावातली गुरं जायला लागली. खाली भात लागणार, वर देवाचा शब्द. गुरं न्यायची कुठे? खरं सांगायचं तर निम्म्या घरांत गुरं सवयीने होती. दूध पिशवीतून येतच होतं, नांगराला यंत्र होतं. सवय मोडायला काहीतरी निमित्त लागतं, ते दाजींच्या तोंडून मिळालं. कुणी भांडलं नाही, कुणी दाजींना बोललं नाही. उलट एकाने सुटलो म्हणून आभारच मानले.

काकींनी धरून ठेवलं. बांधावरचं, रस्त्याकडेचं, शाळेच्या कुंपणातलं गवत कापून डोक्यावरून आणायच्या. दाजी बरोबर जायचे, भारा उचलून द्यायचे. काकी तो त्यांच्या डोक्यावर कधी देत नसत. पावसात काकींचा गुडघा सुजला. ढवळी आणि पाडी वाडीतल्या एकाच्या पाहुण्यांकडे गेल्या. उरली चांद्री. तिला वालावलला भावाकडे ठेवायचं ठरलं, पुढच्या जत्रेपर्यंतच. भावाची माडांची बाग होती, बांधायला जागा होती.

सुशांत, दाजींच्या भावाचा मुलगा, भाजीचा टेम्पो चालवतो. तो टेम्पो घेऊन आला. चांद्री फळीवर पाय ठेवेना. सुशांतने ओढलं, दाजींनी मागून लावलं, ती तशीच मान वळवून गोठ्याकडे बघत. मग काकी पुढे झाल्या, फळीवरून स्वतः टेम्पोत चढल्या आणि आत जाऊन उभ्या राहिल्या. चांद्री लगेच मागून चढली. काकींनी दावं बांधलं आणि टेम्पोच्या कडेला धरून हळूहळू उतरल्या. सुशांतने टेम्पो चालू केला तेव्हा आतून हंबरणं आलं. वाडीतल्या बायका दारात उभ्या होत्या. काकी आत गेल्या आणि चुलीवरची पेज ढवळत बसल्या, ती झालेली होती तरी.

दिवाळीनंतर तन्वी आली. सड्यावर पाय टाकायचा नव्हता, म्हणून पाणंद जिथे संपते त्या दगडी गडग्यापाशी तिघं उभी राहायची, रोज सकाळी. गवत पिकून पिवळं झालं होतं, वारा आला की सगळा सडा एका अंगावर कलायचा. बघायला फार सुंदर. फोटो काढण्यासारखं.

त्या आल्या. ऊन नुकतं तापायला लागलं होतं. उत्तरेकडून चार ठिपके, मग पंखांतलं पांढरं. तन्वीने दुर्बीण लावली. त्या खाली उतरत आल्या, गवताच्या शेंड्यांवरून गेल्या, पाय खाली सोडले, आणि पुन्हा वर. मोठी फेरी घेतली. परत आल्या. पुन्हा पाय खाली सोडले.

"बसा गो," दाजी म्हणाले. गाऱ्हाण्यातला आवाज नव्हता. "बसा. तुमच्यासाठीच राखलाव."

"बसाक जागा खंय ठेवलात?" काकी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. विचारावं तसं त्यांनी विचारलं. टोपीवाल्या तिसऱ्यांदा खाली आल्या नाहीत. दक्षिणेकडे वळल्या आणि समुद्राच्या रेघेवर दिसेनाशा झाल्या. तन्वीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. नंतर कळलं, तिला त्यातून काही दिसतच नव्हतं.

जत्रा आली. गुरवाने देवाला तांदळाचे दाणे लावले, दाजींनी सडा ढोरांना मोकळा करायचं मागितलं, उजवा दाणा पडला, म्हणजे होकार. देवाने एका क्षणात सोडलं. 'व्हय म्हाराजा' झालं. गुरवाने दाजींच्या पाठीवर थाप मारली, बघ, म्हटलं नव्हतं वर्षाचा तर प्रश्न?

त्यानंतर दाजी घरोघर गेले. गुरं वर सोडा, सडा मोकळा झालाय. लोकांनी चहा दिला. एकाने गोठ्यात नेऊन दाखवलं. तिथे मोटरसायकल होती आणि भिंतीला नवा रंग. दुसरा म्हणाला, "ढोरां आता खंय, दाजी? तूच तर सोडवलंस आमका." तो चांगल्या मनानेच बोलला.

वालावलला गेले. मेहुण्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बराच वेळ माडांबद्दल बोलला. श्रावणात खाडीचं पाणी बागेत शिरलं होतं, चांद्रीच्या खुरांत जखमा झाल्या, ती उभी राहीना. एक गुरांचा व्यापारी आला होता. बहिणीला कसं सांगायचं म्हणून सांगितलं नाही. तन्वीलाही घरात ठाऊक नव्हतं. ती दारात उभी राहून ऐकत होती आणि बापाकडे बघत होती. व्यापारी कुठला? इन्सुलीकडून आला होता म्हणे, गेला कुठे ते माहीत नाही.

दाजी इन्सुलीला गेले. हमरस्त्यावर, गोव्याच्या हद्दीजवळच्या तपासणी नाक्यापाशी टपऱ्यांवर विचारत फिरले. कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय. एक टपरीवाला म्हणाला, "काका, हयसून किती जातत, कपाळ कोण बघता?" त्यांनी पुन्हा वर्णन केलं. एरवी दाजींना वर्णनाला शब्द कमी पडत नसत. त्या दिवशी ठिपका या एका शब्दापलीकडे काही सुचलं नाही.

घरी आले तेव्हा काकींनी काही विचारलं नाही. ताट वाढलं. म्हणाल्या, "जेवा." भावाने फोन केला होता, की त्यांना आधीच कळलं होतं, दाजींना अजून माहीत नाही. त्यांनी विचारलेलं नाही.

महिन्याभराने दाजींनी कुठूनशी एक पाडी आणली. काळी, हडकुळी. काकींनी तिला पाणी ठेवलं, पेंढा टाकला, अंगावरची गोचीड काढली. दाजी म्हणाले, नाव ठेव गो तिचा.

"तुमीच ठेवा. शब्द तुमका सुचतत."

पाडीला अजून नाव नाही. दाजी तिला घेऊन रोज सड्यावर जातात. काकी जात नाहीत. गुडघा हे एक कारण आहे. एक पाडी किती चरणार? एवढ्या मोठ्या सड्यावर एका कोपऱ्यात अंगणाएवढा तुकडा तिने कातरला आहे. बाकीचं दाजी विळ्याने कापत बसतात, जमेल तेवढं. त्या तुकड्यावर आपल्या नेहमीच्या माळटिटव्या येतात, ओरडतात. मधे एक पावसाळा गेला; या हिवाळ्यात टोपीवाली आली नाही. तन्वी दर रविवारी येऊन बघून जाते आणि आत्याच्या घरी न थांबता परत जाते.

गाऱ्हाणं दाजींनी सुशांतच्या गळ्यात घातलं. लोकांनी खूप समजावलं, बाबू स्वतः घरी आले, म्हणाले, तुझ्याशिवाय जत्रा कशी? दाजींनी त्यांना सुपारी दिली आणि दुसरं काहीतरी बोलत राहिले. सुशांत शहाणा आहे, पण देवळातली भाषा त्याच्या अंगवळणी नाही. टेम्पोत बसून फोनवर बोलतो तशी घाई करतो. जत्रेआधी तो ओसरीवर येऊन बसला, दाजींनी सांगायचं आणि त्याने म्हणायचं. काकी आत तांदूळ निवडत होत्या. दार उघडं होतं.

"बा देवा रवळनाथा..." सुशांत म्हणाला. दोन-चार वाक्यं बरी गेली. मग तो थांबला.

"काका, हय गुराढोरांक सुखी ठेव म्हणान आसा. ह्या म्हणूचा काय आता? गावात ढोरां खंय आसत? लोक हसतले."

दाजी अंगणाकडे बघत होते. सुशांतला वाटलं त्यांनी ऐकलं नसेल, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. काढून टाकू काय?

आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला.

"काडू नको," काकी म्हणाल्या. "म्हण. खंय आसात थंय तिका लागात."

सुशांतने मान खाली घातली आणि ते वाक्य म्हटलं. सावकाश म्हटलं, पहिल्यांदाच. मग दोघंही थांबले, कारण त्यामागे कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवं होतं. दाजींनी तोंड उघडलं, मिटलं. भिंतीला हात लावून उठले आणि पाडीला पाणी दाखवायला गोठ्याकडे गेले.